बिनरश्श्याची कोंबडी

कोल्हापुरात रविवारी ज्या घरात मटण शिजत नाही ते घर एकतर शाकाहारी असतं, नाहीतर तिथं कुणीतरी आजारी असतं. आमचं घर यातलं कुठलंच नाही. दर रविवारी सकाळी आई खोबरं भाजायला घ्यायची. तांबडा, पांढरा, सुकं अशी तिन्ही पातेली उतरवून, सगळ्यांना वाढून झालं की अडीचला एकटी जेवायची. तोवर चांगले तुकडे संपलेले असायचे. विचारलं तर म्हणायची, "मला रस्साच आवडतो." आम्ही हे वर्षानुवर्षं खरं मानलं, कारण ते सोयीचं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी ठरवलं, एका रविवारी तरी आईनं पहिल्या पंगतीला बसायचं. स्वतः रांधावं असं सुचायला हवं होतं. मला सुचलं ते पार्सल. राजारामपुरीत कोळशावर कोंबडी भाजून देणारं नवं दुकान निघालं होतं. काळे हातमोजे घातलेल्या माणसानं मला विचारलं, कुठला 'एक्सपिरिअन्स' देऊ? आमच्या शिवारात निखाऱ्यावर कोंबडी भाजतात तेव्हा धूर डोळ्यांत जातो, त्याला कुणी अनुभव म्हणत नाही. पण वास अस्सल होता. मी दोन अख्ख्या कोंबड्या घेतल्या. त्यानं त्या सोनेरी अक्षरांच्या काळ्या खोक्यात लग्नाच्या शालूसारख्या ठेवल्या. वाटेत एका बाईंकडून ज्वारीच्या भाकरी घेतल्या.

घरी बायकोनं ताटं मांडली. आई सवयीनं उभीच. "तुम्ही बसा, मी वाढते."

"वाढायचं काय त्यात? खोकं तर उघडायचंय," म्हणत बायकोनं तिला खाली बसवलं. मी पहिली तंगडी आईच्या ताटात ठेवली. वडिलांनी ती जाताना पाहिली, मग खोक्यात डोकावून विचारलं, "रस्सा कुठं हाय?"

"याला रस्सा नसतो, आबा."

"मग भाकरी बुडवायची कशात? खोक्यात?"

चूक माझीच होती. इथल्या माणसाला कोरडी कोंबडी ही जेवणाआधीची गंमत वाटते, जेवण नव्हे. आईनं उठायला जमिनीवर हात टेकला. "दोन मिनटं. चटणी टाकून पाणी उकळते." आमच्याकडं कांदा-लसणाच्या लाल मसाल्यालाच चटणी म्हणतात.

"आई, उठायचं न्हाय." माझा आवाज जरा जास्तच चढला.

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं, मग आईच्या ताटातल्या न उष्टावलेल्या तंगडीकडं. "एवढं वरडायला काय झालं?" म्हणत ते स्वतःच उठले. "बस गं तू. खा. मी करतो."

चहापलीकडं या माणसानं कधी गॅस पेटवला नव्हता. आत एक झाकण पडलं. मग फोडणीचा असा खाट उठला की आम्ही तिघंही खोकलो. शेवटी ते वाटी घेऊन आले. रंग झक्क होता. आईनं भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात टाकला.

"मीठ न्हाय."

वडील परत आत गेले. डबे उघडल्या-झाकल्याचे आवाज आले. "अगं, मीठ कुठं ठेवतीस?"

बायको उठायला लागली, तर आईनं तिचा हात धरून ठेवला.

"तिथंच हाय. शोधा की," आई म्हणाली, आणि तंगडीचं हाड बाजूला ठेवून ताट माझ्याकडं सरकवलं. "ती दुसरी दे रे."