चिंतामणचा तिसरा अर्ज

तीन तासांच्या पेपरात चिंतामण दिवेकरचा पाचवा प्रश्न कधी लिहून झाला नाही. आलेलं उत्तर पुन्हा ताडून पाहिल्याशिवाय त्याला पुढे सरकताच येत नसे, आणि तेवढ्यात घंटा व्हायची. प्रॅक्टिकलला त्याचे आकडे मास्तर इतरांना दाखवत; पण निकाल लागतो तो पेपरांवर. १९५१ साली तो बी.एस्सी. झाला, थर्ड डिव्हिजनमध्ये.

पुढची दोन वर्षं तो इंदूरच्या एका कापड गिरणीत कॉस्टिक सोड्याची तीव्रता मोजत होता. बाकीचे एक रीडिंग घेऊन चहाला पळत. हा तीन घ्यायचा आणि तिन्ही जुळेपर्यंत हलायचा नाही.

"भिया, कपडा धोना है, कुंडली नहीं मिलानी," मुकादम हसायचा.

एम.एस्सी.साठी त्याने दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा कॉलेजच्या कारकुनाने डिव्हिजन पाहून तो खिडकीतूनच परत सारला. तिसऱ्या वर्षी चिंतामण गिरणीतल्या आपल्या पाच वह्या घेऊन थेट कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक रघुवीरजी यांच्याकडे गेला. त्यांनी तासभर वह्या चाळल्या.

"गलत रीडिंग काटी क्यों नहीं?"

"सर, गलत आई, पर आई तो थी."

रघुवीरजींनी चष्मा काढला. "देखो, उम्मीद मत बाँधना. एक सीट बची है. कमेटी के सामने कॉपियाँ मैं खुद रखूँगा. अगले साल से थर्ड डिव्हिजनवालों के फॉर्म ही बंद हैं. और किसी की सिफ़ारिश मत लाना. पिछले साल इसी पर झगड़ा हुआ. जिसकी चिट्ठी आएगी, उसका नाम पहले कटेगा."

चिंतामणने घरी येऊन हे सगळं वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. नाना म्हणजे श्रीपादराव. होळकरांच्या हुजूर कचेरीत अठ्ठावीस वर्षं कारकून. संस्थान विलीन होऊन मध्य भारत राज्य झालं, कचेरी गेली, पण नाना अजून साडेदहाला कोट घालून बसत. शिफारशीचं ऐकून ते गालातल्या गालात हसले.

"अरे चिंत्या, आमच्याकडेही पाटी होती, शिफारस आणू नये म्हणून. ज्याच्याजवळ चिठ्ठी नाही, त्याचा अर्ज आम्ही सगळ्यात खाली ठेवायचो. पाटी ही लावायचीच असते."

"नाना, इथे तसं नाही हो."

"बरं, बरं."

चार दिवसांनी नाना बाहेरून आले ते पागोटं न काढताच बोलू लागले. पलासियाला प्रतापरावांच्या बंगल्यावर जाऊन, जुन्या ओळखीवर त्यांनी चिठ्ठी मिळवली होती. प्रतापराव एके काळी दरबारात मोठे अधिकारी. ती चिठ्ठी नानांनी प्रिन्सिपॉलच्या हातात स्वतः नेऊन दिली होती.

"'घरंदाज मुलगा आहे' असं लिहिलंय. आता कोण अडवतो बघू!"

चिंतामणने हातातला घास ताटात ठेवला.

सकाळी तो कॉलेजात गेला तेव्हा पाचही वह्या सुतळीने बांधून टेबलावर ठेवलेल्या होत्या.

"कल शाम कमेटी में मैं पहली कॉपी खोल ही रहा था," रघुवीरजी म्हणाले, "कि प्रिन्सिपल साहब ने चिट्ठी पढ़ दी. तुमने मँगवाई थी?"

"नहीं सर. पिताजी ले आए."

"मना नहीं किया था?"

"किया था."

रघुवीरजींनी वह्या त्याच्याकडे सरकवल्या. सीट दुसऱ्याला गेली होती.

घरी नाना दारातच उभे होते. "काय झालं रे?"

खरं काय ते सांगायचं, असं चिंतामणने वाटेत सायकलवर तीनदा ठरवलं होतं. समोर नानांचा इस्त्रीचा कोट दिसला.

"थर्ड डिव्हिजन आडवी आली, नाना."

"तरी मी म्हणतो! चिठ्ठी होती म्हणून कमेटीपर्यंत तरी पोचलास. वेळेवर अभ्यास केला असतास तर?" ते आत वळले आणि पुन्हा थांबले. "प्रतापरावांचे आभार मानून ये. त्यांनी शब्द टाकला होता."

"हो."

दुपारी तो पलासियाला गेला. प्रतापरावांना आधी तो कोण तेच आठवेना. आठवल्यावर त्यांनी विचारलं, "मग, झालं ना काम?"

"जी. नानांनी आभार सांगितलेत," चिंतामण म्हणाला. सरबताचा पेला त्याने उभ्यानेच संपवला, कारण तीनच्या पाळीला गिरणीत हजर व्हायचं होतं.