सपाट रेघ

सपाट रेघेची धास्ती आपल्याला दवाखान्यात लागते. ती मला घरीच लागली. उद्या वडिलांच्या घशाचं ऑपरेशन. नंतर आवाज राहीलच असं डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून अण्णांना, त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायला, माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपसमोर बसवलं. "काहीही बोला." ते बोलू लागले, पण स्क्रीनवरची आवाजाची रेघ हलेना. थांबा म्हणायचंही सुचलं नाही. मी सेटिंग्ज उलटसुलट करत राहिलो. शेवटी कळलं, माइक म्यूट होता. तो चालू केला आणि रेघ थरथरली.

"झालं ना रे?" अण्णांनी दमून विचारलं.

तेवढंच रेकॉर्ड झालं. आधी ते काय बोलले, मला एक वाक्य आठवेना. माइक बंद होता, कबूल. मी तर शेजारीच बसलो होतो.