मंगळवारची वेळ

एप्रिलमधला पहिला रविवार, नांदेड. स्वयंपाकघरात हजर: मी, कुरडयांसाठी लातूरहून आलेल्या थोरल्या जाऊबाई आणि दाराशी खुर्चीवर सासूबाई. गैरहजर: नवरा, ड्यूटीवर; मुलगी, लातूरच्या होस्टेलवर, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासात.

शुक्रवारी सोनोग्राफीत डाव्या स्तनात गाठ दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधीही असेल, पण कडा स्पष्ट नाहीत. बायोप्सीशिवाय सांगता येणार नाही. जागा बधिर करून सुईने तुकडा घेतात, त्याच दिवशी घरी सोडतात. मंगळवारी सकाळची वेळ दिली. मी ‘कळवते’ म्हणून निघाले, वाटेत गहू घेतले आणि घरी येताच भिजत घातले.

तेव्हापासून मला बसवत नव्हतं. मसाल्याचे डबे घासले, पंख्याची पाती पुसली, इस्त्रीवाल्याशी विनाकारण वाद घातला. हात मात्र सारखा पदराखाली जायचा.

जाऊबाई गव्हाचं पाणी बदलत होत्या. त्यांना सगळं क्रमाने सांगितलं आणि म्हटलं, मंगळवार काही जमायचा नाही, त्याच सकाळी कुरडया घालायच्या. शिवाय पोरीची परीक्षा महिन्यावर आलीय, ती झाली की बघू.

"सुई लावली की गाठ चिडते म्हणतेत," सासूबाई म्हणाल्या.

हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. तसं काही होत नाही, उलट उशीर करू नका, असं त्यांनी साफ सांगितलं होतं. तरी सासूबाईंचं म्हणणं मला त्या वेळी फार सोयीचं वाटलं.

जाऊबाईंनी पातेलं खाली ठेवलं. "गहू कधी भिजवलेस?"

"शुक्रवारी."

"दवाखान्यातून आल्यावर?"

मी ओटा पुसायला लागले.

"माझ्या गुडघ्याचा फोटो काढायला मला वढत नेलंस, तवा माझ्या शेवया उन्हात होत्या. त्या दिसल्या न्हाईत का गं तुला?" त्या म्हणाल्या. "जा तू. चीक मलाबी हाटता येतो, तुझ्यापेक्षा बरा."

मी फोन लावून मंगळवार पक्का केला. नवऱ्याला रजा टाकायला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, उपाशी जायचं का खाऊन, तेबी विचार. पुन्हा फोन लावला. खाऊन.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. सराव परीक्षेत केमिस्ट्री अवघड गेली, मेसमध्ये पुन्हा दोडकाच होता. ती बोलत होती, मी हूं हूं करत खोलीभर फिरत होते. सांगितलं तर तिचा अभ्यास बिघडेल. लपवलं आणि दुसऱ्याच कुणाकडून कळलं तर?

तिने फोन ठेवला. तिला सांगायचं अजून राहिलंय.