हेगार्टी खाटकाचा पेला

फर्मॉय गावात पुलाच्या अलीकडे आमचं खाटकाचं दुकान आहे. आधी बाबांचं होतं, आता माझं. ते चालवणाऱ्या माणसाने जन्मात मांसाचा तुकडा तोंडात घातलेला नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी लोनर्गनबाई दर शनिवारी विचारतात, "फिंटन, हे कोकराचं तंगडं किती वेळ भाजू रे?" मी सुरी बाजूला ठेवतो आणि बिशपच्या थाटात सांगतो, "दीड तास. मग वीस मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे रस आत राहतो." तो रस कसा लागतो ते मला काय कपाळ माहीत. पण सांगताना माझा सूर असा लागतो की बाई मान डोलावून निघून जातात.

जन्मल्यावर चौथ्या दिवशी टाचेला टोचून माझं रक्त तपासलं, तेव्हा दोष कळला. प्रथिनांमधला एक घटक माझ्या शरीराला पचवता येत नाही. तो साठत गेला की मेंदू बिघडतो. म्हणून मांस, मासे, अंडी, चीज, साधा पाव, सगळं बंद. बटाटेसुद्धा तोलून. आणि अंगाला लागेल असं काही हवं म्हणून इस्पितळाने नेमून दिलेली एक भुकटी, पाण्यात कालवून दिवसातून तीन पेले. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "हेगार्टींच्या चार पिढ्यांनी गुरं कापली, पाचव्या पिढीला देवाने गाय करून पाठवलं." लोक हसायचे. मीही हसायचो, आणि कोबी चघळत राहायचो.

त्या भुकटीला वास होता. आई खिडकी उघडून ती कालवायची. शाळेत डोनल नावाच्या मित्राने पैजेवर एक घोट घेतला आणि तो थेट फुलझाडांत ओकला. त्या दिवसापासून माझी समजूत झाली की आपली जीभ काही साधीसुधी नाही. इतरांना झेपत नाही ते आपण दिवसातून तीनदा पितो, म्हणजे आपण या विषयातले जाणकारच. हा भ्रम मी पस्तीसेक वर्षं जिवापाड जपला.

बेचाळिसाव्या वर्षी भुकटी बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. नवी चव तयार केली आहे, चाखून मत द्याल का? मी लग्नाकार्याचा कोट घालून गेलो. कारखान्यातल्या आठ-नऊ कर्मचाऱ्यांनी आमच्या आधीच नवी चव चाखून नावाजली होती. स्ट्रॉबेरीची होती, वास जवळजवळ नव्हता. माझ्याबरोबर भुकटी पिणारे आणखी दोघे होते, कॉलेजात शिकणारे. मी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि थोडा वेळ तसाच बसलो. तसं बसायची मी घरी आरशासमोर तालीम केली होती.

"कशी वाटली, मिस्टर हेगार्टी?" तिथल्या ग्रेनिया क्विर्क नावाच्या बाईंनी विचारलं.

"हे सरबत आहे," मी म्हणालो. "औषधाला औषधाची चव हवी. नाहीतर माणसाला शिस्त राहत नाही."

कॉलेजच्या दोघांनी माझ्या वयाकडे बघून होकाराच्या माना डोलावल्या. तेवढ्यावर थांबायचं सोडून मी घरी येऊन चार पानांचं पत्रही लिहिलं. त्यात 'आम्ही आयुष्यभराचे रसिक' असे शब्द होते. ते पत्र भलत्याच आदराने वाचलं गेलं असावं. नवी चव बासनात गेली, जुनी चालू राहिली, आणि मी महिनाभर दुकानात छाती काढून फिरलो.

त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला, डर्व्हलाला, मुलगी झाली. सॉर्चा. चौथ्या दिवशी टाचेतून रक्त घेतलं आणि दोन दिवसांनी इस्पितळाचा फोन आला, तोच दोष निघाला होता. डर्व्हला माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. म्हणाली, "तुझं सगळं मी बघितलंय रे. आईने कसं केलं तेही. तरी मला जमेल का?"

"मी आहे ना," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दुखण्याचा कुणाला उपयोग होणार होता.

पहिलं वर्ष बाटलीच्या खास दुधावर बरं गेलं. पुढे भुकटी सुरू करायची वेळ आली. सॉर्चाने पहिला चमचा माझ्या शर्टावर उडवला. दुसरा मांजरावर. मी तिच्यासमोर अख्खा पेला पिऊन "वा!" म्हणालो, तर ती रडायला लागली. तीन आठवडे हेच. तिच्या रक्तातला त्या घटकाचा आकडा चढत चालला, डर्व्हलाच्या डोळ्यांखाली काळं आलं.

"त्या कंपनीने काहीतरी गोड केलं होतं असं तू म्हणाला होतास ना?" एका सकाळी तिने विचारलं.

"हो."

"मग ते का आलं नाही?"

मी चहाची किटली पुसायला घेतली. ती स्वच्छच होती. शेवटी सांगितलं. डर्व्हला म्हणाली, "फिंटन, तुझ्यापेक्षा आपली गाय शहाणी." आमच्याकडे गाय नव्हती. पण मला कळलं.

मी कारखान्यात फोन लावला. क्विर्कबाईंनी आवाज ओळखला. "अय्या, रसिक! तुमचं पत्र आम्ही भिंतीवर लावलंय."

"ते काढा," मी म्हणालो. "आणि सरबत पाठवा."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंच्या संमतीने नमुन्याचे डबे आले. सॉर्चाने पहिला चमचा गिळला, विचार केला आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं. डर्व्हला दाराबाहेर जाऊन रडली. मी आत चमचा धरून बसलो, हलायची सोय नव्हती.

पुढच्या वर्षी नवी चव बाजारात आली आणि जुनी बंद झाली. मला नवी अजून आवडत नाही. रविवारी जेवायला सगळे जमलो की सॉर्चा तिचा पेला दोन घोटांत संपवते आणि माझ्या अजून भरलेल्या पेल्याकडे बघते. आता सात वर्षांची आहे.

"मामा, किती वेळ लावतोस?"

"चव घेतोय," मी म्हणतो.

"नाक दाबून?"