चाखणं म्हणजे खाणं नव्हे

गुळाचा खडा जिभेवर ठेवून डोळे मिटून उभे राहिलेले काका मला अजून दिसतात. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या त्यांच्या गुळाच्या गाळ्यावर माझे वडील हमाली करत. काकांनी "खारट हाय" म्हटलं की गूळ आणणारा शेतकरीही वाद घालत नसे. त्यांच्या जिभेवर सगळ्यांचाच विश्वास.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, म्हणून ओळखीचे लोक इंग्रजी कागद माझ्याकडून वाचून घेत. एकदा काकांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट आणला. यकृतात चरबी साठली होती. मी चाचरतच सांगितलं.

"आयुष्यात दारूला शिवलो नाय," ते म्हणाले, "आन् लिव्हर माझंच सापडलं व्हय?"

सुटलेल्या पोटानं आणि गोडानंही असं होतं, वजन हळूहळू उतरवलं नाही तर लिव्हर कडक होत जाईल, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं.

काका शब्दाचे पक्के. चहातली साखर गेली, भजी गेली. डब्यात भाकरी, मेथी, मटकीची उसळ. वारज्याच्या घरून रोज पहाटे चालायला निघायचे. कुणी पेढा पुढे केला की म्हणायचे, "तुम्हीच खावा, तुमचं लिव्हर नवं हाय." तरी काही महिन्यांनंतरचा रिपोर्ट जवळजवळ तसाच. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं वाचलं असावं.

एका सकाळी वडिलांचा डबा द्यायला गाळ्यावर गेले. काका माल चाखत होते. या ढेपेचा एक खडा, त्या ढेपेचा एक. संपेचनात. धीर करून विचारलं, "काका, हा गूळ डॉक्टरांना सांगितला होता का?"

"चाखणं म्हंजे खाणं नव्हं, पोरी."

म्हणाले खरं, पण हातातला खडा तोंडात गेला नाही.

चाखून थुंकणं त्यांना जमेना. शेतकऱ्यासमोर त्याचाच माल थुंकायचा कसा? शेवटी चाखणं त्यांनी आपल्या मुलाकडे दिलं आणि स्वतः ढेप फोडून नुसता वास घेऊ लागले. बाजारात लोक पाठीमागे हसले. पण पुढच्या रिपोर्टात चरबी उतरली होती. तो त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

नोकरीसाठी मी पुणं सोडलं, तेव्हा निरोप घ्यायला गाळ्यावर गेले. काकांनी ढेप फोडली, हुंगली, खडा माझ्या तळहातावर ठेवला आणि बोटं धोतराला पुसली.

"कसा हाय?"

"गोड."

"गोड तर समदाच असतो. नीट सांग."

मी घुटमळले. "किंचित... खारट आहे, काका."

ते हसले. "मला वासानंच कळलं व्हतं. तू तोंडावर सांगतीस का, ते बघत व्हतो."