धार कोण काढतं?

आमच्या मालकांना म्हशीची धार काढता येत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण ते तोंडानं कबूल करतील तर शपथ! आणि माझ्या अपघाताचा दावा नेमका तिथंच येऊन अडकला.

आमचं गाव राधानगरी रोडला. त्या दिवशी सकाळची धार काढून मी दुधाची किटली घेऊन डेअरीकडे चालले होते. मागनं मोटार आली, उसाच्या ट्रॉलीला चुकवायला गेली आणि मला घासली. मी पडले ती उजव्या हातावर, आणि त्या हातावर भरलेली किटली. मनगट मोडलं, अंगठ्याचा तर चुराच झाला. मोटारवाला मात्र भला माणूस. पळाला नाही, त्यानंच दवाखान्यात नेलं आणि पोलिसांनाही खरं तेच सांगितलं. त्याच्यावर माझा आजही राग नाही. त्याच्या गाडीचा विमा होता, म्हणून भरपाईचा दावा विमा कंपनीवर लावायचं ठरलं.

हात बरा झाला, पण मूठ मिटेना. भाकरी थापता येते, वेणी घालता येते, धार काही निघत नाही. धारेला मुठीत जोर लागतो. शिवाय म्हशीला हात ओळखीचा लागतो, नवख्याला ती पान्हा सोडत नाही. शेजारीण येऊन कशीबशी धार काढून द्यायची, पण दूध निम्म्यावर आलं. मी गोठ्याच्या दारात उभी राहून नुसती चरफडायची.

शहरात शाहूपुरीत एक तरणीताठी वकीलबाई आम्हाला मिळाली. तिनं मला समजेल असं सांगितलं, "काकी, हात किती टक्के गेला ते डॉक्टर लिहून देतील. पण कोर्ट तेवढंच बघत नाही. त्या हातानं तुम्ही काय कमवत होता आणि त्यातलं किती थांबलं, हे बघतं. मग वय धरून हिशोब होतो. दवाखान्याचा खर्च आणि सोसलेला त्रास त्याच्या वर. तर तुमचा धंदा काय लिहू?"

"चार म्हशी हायत की!"

"डेअरीचं खातं कुणाच्या नावावर?"

"मालकांच्या."

तिनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे कागदावर धार तेच काढतात."

"म्हस त्यांना जवळ तरी उभं करती का विचारा!" मी म्हणाले. ती हसली, पण म्हणाली की घरकाम धरलं तर भरपाई कमी, आणि दूधधंदा धरला तर जास्त. हाताला झालेली इजा दोन्हीकडं तीच. तेव्हा म्हशी मीच सांभाळत होते हे दाखवावं लागेल. शेजाऱ्यांचे जबाब घेऊ, म्हणाली. मी निवांत झाले, कारण अख्खा गाव साक्षीला होता.

पुढं एके दिवशी विमा कंपनीचा चौकशीवाला दारात आला. त्यानं कुठून आलोय ते सरळ सांगितलं, लपवालपवी काही नाही. पण आमच्याकडं दारात आलेला माणूस पावणा. मालकांनी त्याला खाटेवर बसवलं, साखर घालून गरम दूध दिलं, जेवल्याशिवाय सोडणार न्हाय म्हणाले. त्यानं इकडचं तिकडचं बोलता बोलता विचारलं, "मालक, एवढ्या म्हशी, धार कोण काढतं?"

मालकांनी मिशीवर हात फिरवला. "मीच की! दुसरं कोण?"

"आणि काकींचा हात?"

"तिला काय धाड भरलीया? ठणठणीत हाय."

मी स्वयंपाकघरात हे सगळं ऐकत होते. डोक्यात नुसती तिडीक गेली. पण पावण्यापुढं नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की मी त्याच पावण्याला वर आणखी दोन भाकरी वाढल्या. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

व्हायचं तेच झालं. तो सगळं लिहून घेऊन गेला. कंपनी म्हणाली, बाई घरकाम करते, हातही बरा आहे, तेव्हा थोडेच पैसे मिळतील. वकीलबाईनं कपाळाला हात लावला. घरी आल्यावर मी मालकांना फाडफाड बोलले, "तुमच्या मिशीपायी माझा हात फुकट गेला!" ते उठून गोठ्यात गेले आणि तिथंच बसले. आमचे मालक उलट बोलले नाहीत, असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं असावं.

केस लढवत बसायचं तर आणखी किती वर्षं जातील सांगता येत नव्हतं, म्हणून तडजोडीसाठी लोकअदालतीत गेलो. कोर्टातलाच मोठा हॉल, टेबलाटेबलाला माणसांची ही गर्दी. आमच्या टेबलावर एक निवृत्त न्यायाधीश आणि समोर कंपनीचे अधिकारी. अधिकाऱ्यांनी कागद वाचून दाखवला, की धार आपण काढतो असं पतीनंच सांगितलंय. मी मालकांच्या मिशीकडं नजर लावली. या माणसानं आता पुन्हा मिशीवर हात फिरवला, की संपलं सगळं.

न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "काय हो, धार तुम्ही काढता?"

मालकांनी आजूबाजूला बघितलं. मागं आमच्याच भागातली चार माणसं उभी होती. मालकांनी टोपी काढून हातात घेतली.

"न्हाय साहेब. मला धार काढाय येत न्हाय. म्हस लाथ मारती."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. मालक गर्रकन वळले, "कोण हसतंय रं?" मग पुन्हा साहेबांकडं तोंड करून म्हणाले, "लगीन झाल्यापास्नं घर हिच्या मुठीवर चाललंय. पोरींची शिक्षणं, घरावरचा स्लॅब, समदं. मी डेअरीत जाऊन नुसती सही करतोय."

"मग त्या दिवशी तसं का सांगितलंत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मग काय, दारात आलेल्या पावण्यापुढं रडत बसायचं व्हय?"

साहेब हसले. अधिकारीही जरा सैल झाले. शेजाऱ्यांचे जबाब होतेच, ते आता नीट वाचले गेले. माझा धंदा दूधधंदा धरला. बोलणं पुढंमागं होत होत रकमेवर एकमत झालं, मागितली तेवढी नाही, पण कंपनी देत होती त्याच्या बरीच वर. वकीलबाई खूश, मीही खूश. त्यातून पुढं धार काढायचं मशीन घेतलं. म्हशी पहिल्यांदा त्याच्या आवाजाला बुजल्या, आता बुजत नाहीत. बटण मी डाव्या हातानं दाबते.

पण त्या दिवशी कोर्टाबाहेर चहाच्या गाड्यावर आम्ही दोघं उभे होतो. मी म्हणाले, "अवो, एवढं सगळं पोटात होतं, तर घरात एकदा तरी बोलायचं की."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "घरात कवा कुणी इचारलं?"

मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. मी पदर डोळ्याला लावला. ते घाबरून बशी खाली ठेवत म्हणाले, "अगं, रडतीस कशाला? पैसं कमी पडलं व्हय?"