चिकटपट्टीचे पाच वेढे

गडमुडशिंगीच्या गणपतराव स्पीकरवाल्यांना गाण्यातलं काही शिकवायला गेले आणि तोंड पाडून परत आले, असे गावात चार-पाच जण तरी निघतील. वय बहात्तर. गुडघे गेले, दात निम्मे गेले, पण कान शाबूत, आणि त्या कानांचा तोरा तर विचारूच नका. कॅसेट यायच्या आधी लग्न असो, तालमीचा गणपती असो, नाहीतर जोतिबाची चैत्र यात्रा असो, कर्णा वाजायचा तो गणपतरावांचाच. लोक म्हणायचे, "मुडशिंगीकराच्या स्पीकरवर गाणं थंड पडत न्हाय."

थंड पडेल कसं? गणपतरावांनी त्याची सोय केली होती. रेकॉर्ड फिरवणाऱ्या मोटारीच्या दांडीला ते दवाखान्यातल्या चिकटपट्टीचे तीन वेढे मारायचे. दांडी जाड झाली की तबकडी जोरात फिरते आणि गाणं पळायला लागतं. वरातीला पळतं गाणंच लागतं, हे त्यांचं मत. बैठी लावणीसुद्धा त्यांच्या कर्ण्यातून चार पावलं पुढंच निघायची आणि लोक खूश व्हायचे. ही युक्ती त्यांनी सख्ख्या भावाला सांगितली नव्हती.

तर गेल्या माघात एका रविवारी सकाळी राजनंदिनी नावाची तिशीतली बाई गाडी घेऊन त्यांच्या दारात आली. कोल्हापूरचीच, इंटरनेटवर जुन्या रेकॉर्डींबद्दल बोलायची. ऐकणारे पुष्कळ होते म्हणे.

"काका, तुमच्याकडं 'फटफटीवाला फाकडा' पिक्चरच्या गाण्याची रेकॉर्ड आहे का?"

गणपतराव असे हसले की त्यांना ठसकाच लागला. "व्हय पावणं, अकरा हायत. एक खपली न्हाय. काय करणार तिचं? ताटाखाली घेणार?"

"काका, मराठी सिनेमातला तो एक नंबरचा रॉक अँड रोल आहे. मी त्याच्यावर मोठा कार्यक्रम करणार आहे. माझ्याकडची रेकॉर्ड खरवडलेली आहे, मला चांगली प्रत पाहिजे."

"एक नंबरचा? अगं, उंदरांचं भांडण हाय त्ये!" गणपतराव बाजेवर सरसावून बसले. "मला सांगती व्हय? त्या पिक्चरची जाहिरात केली कुणी? म्या! एकोणऐंशी साली जीपवर कर्णं बांधून आख्खं कोल्हापूर फिरवलं. आमच्याच गावची आक्काताई गायली हुती, एकोणीस वर्साची पोरगी, तिला हार घालून जीपमदी बशिवली हुती. गाणं लावलं आन् शनिवार पेठेत लोक हसून लोळायला लागले. पोरं मागनं चीं चीं करत पळाली. आक्काताई महाद्वार रोडला गपकन उतरली आन् चालत घरला गेली. पुना गायली न्हाय. पिक्चर बगायलाबी गेली न्हाय. तसा पिक्चर टिकला तरी कुठं, चार दिवसात उतरला. संगीत दिलेलं विजयसिंह मास्तर, बँडवालं, गिटार इकून पुण्याला गेलं. तिकडंच वारलं."

राजनंदिनीनं वाद घातला नाही. तिनं गाडीतून आपलं छोटं मशीन आणलं, अकरातली एक तबकडी पदरानं पुसली आणि सुई टेकवली.

पहिल्यांदा नुसती गिटार आली, घाट उतरताना गाडी ब्रेकवर धरावी तशी. मग हलगी. आणि ही हलगी गिटारीबरोबर पडत नव्हती, तिच्या मागं जराशी रेंगाळून पडत होती, त्या रेंगाळण्यानंच पाय हलायला लागत होता. वर बँडातली क्लॅरिनेट, अगदी खोडीला आलेली. आणि मग बाईचा आवाज. खालचा, जाड, जरासा घोगरा, कुणाच्या बापाला न भिणारा.

गणपतरावांच्या हातातला तंबाखू हातातच राहिला. पण कबूल करतील तर ते गणपतराव कसले!

"तुजं मशीन ढिलं हाय. सावकाश फिरतंय. म्हून आवाज बसलाय."

"नवीन आहे काका."

"नवीन म्हंजे बरोबर आसतंय व्हय? थांब, मोजू." तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा ठेवून त्यांनी मनगटावरचं घड्याळ पुढं धरलं. मिनिटाला तेहतीस फेरे आणि वर थोडं. या रेकॉर्डला पाहिजेत तेवढेच, ना कमी ना जास्त. "आता माझं बग," म्हणत त्यांनी कपाटावरचं जुनं धूड खाली काढलं, पुसलं, पुरावा दाखवायच्या तोऱ्यात चालू केलं. मशीन कुरकुरलं, पण फिरलं. अडतीस.

गणपतरावांनी पुन्हा मोजले. अडतीस. दांडीवरचे तीन वेढे पिवळे पडून तिथंच होते.

आणि मग त्यांना ते आठवलं. त्या दिवशी तीन नव्हते. जीप निघायच्या आधी, स्वतः थेटराकडं जाता जाता, मास्तर सांगत होते की हे रॉक अँड रोल हाय. आता रॉक अँड रोल म्हणजे काय, तर उड्या मारायचं, पळायचं गाणं, एवढं गणपतरावांना बिनचूक माहीत होतं! म्हणून त्यांनी मोठ्या मायेनं, पोरीचं गाणं आणखी उठावदार व्हावं म्हणून, तिनावर दोन वेढे जादा मारले होते. पाच. हलगीचं रेंगाळणं त्यात चिरडून गेलं, आणि आक्काताईचा तो जाड आवाज चिमणीसारखा चिवचिवला. दुसऱ्या दिवशी लग्नाची सुपारी होती म्हणून ते दोन वेढे काढून टाकले आणि विसरून गेले. उंदीर रेकॉर्डीत नव्हता. त्यांच्या मशीनमध्ये होता.

त्यांनी मशीन बंद केलं.

"लोकांना तेव्हा कळलं नाही काका," राजनंदिनी म्हणाली. "काळाच्या पुढचं संगीत होतं. मी तसंच सांगणार आहे. त्या गायिका तेवढ्या बोलत नाहीत हो. त्यांच्या सासरी, कोडोलीला जाऊन आले. 'ती मी न्हवंच' म्हणून दार लावलं."

लोकांना कळलं नाही. किती सोपं होतं ते! जादा दोन वेढ्यांची गोष्ट या जगात फक्त गणपतरावांना ठाऊक होती. नुसती मान डोलवली असती तरी त्यांचा तोरा आणि कोल्हापूरभरची पुण्याई, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. त्यांनी तंबाखू खिडकीतून फेकला.

"लोकांना झक्कास कळतंय," ते म्हणाले. "लोकांनी जे ऐकलं त्येच्यावर कुणीबी हसलंच आसतं. गाडी काढ पोरी. कोडोलीला जायाचं."

मांडीवर मशीन आणि रेकॉर्ड घेऊन ते गाडीत बसले. वाटेत त्यांनी राजनंदिनीला सगळं सांगितलं. हे कार्यक्रमात सांगू का, असं काही तिनं विचारलं नाही. पुढं जोतिबाचा डोंगर दिसला तसे गणपतरावांनी नुसते हात जोडले. मागितलं काही नाही, कारण काय मागावं हेच सुचेना.

आक्काताई म्हशींच्या गोठ्यात होती. चौसष्ट वर्षांची, पदर खोचलेला, हात शेणाचे. तिची लेक क्रांती, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, सुट्टीची माहेरी आली होती. तिनं मशीन बघितलं आणि आईकडं बघितलं.

"गणपतदादा?" आक्काताई म्हणाली. मग तिची नजर त्या धुडावर गेली. "त्ये घिऊन आल्या पावली माघारी जा."

"जातो. मला शिव्या दिऊन झाल्या की जातो," गणपतराव म्हणाले. "आधी ऐक."

त्यांनी घराच्या पुढच्या सोप्यात मशीन मांडलं. खिशातून नवी चिकटपट्टी काढली, तिनावर दोन वेढे मारले आणि सुई टेकवली. चीं चीं सुरू झाली. आक्काताईनं डोळे घट्ट मिटले. जीपमध्ये बसली होती तशीच ती आताही अंग चोरून बसली.

"ह्ये तू ऐकलंस. आख्ख्या कोल्हापुरानं ऐकलं. आता ह्ये बग." गणपतरावांनी सुई उचलली, नखानं पट्टी सोलायला घेतली. जुने वेढे दांडीला चिकटून बसले होते, निघता निघेनात. रॉकेलचा बोळा मागून घेतला आणि दांडी लख्ख होईस्तोवर घासली. फेरे मोजले. तेहतीस भरले. मग सुई टेकवली.

गिटार घाट उतरली. हलगी मागं रेंगाळली. आणि सोप्यात आक्काताईचा एकोणीस वर्षांचा आवाज उभा राहिला.

गाणं संपलं. सुई आतल्या शेवटच्या रेघेत खरखरत राहिली.

"मास्तर बरोबर हुतं, गाणं बरोबर हुतं, तूबी बरोबर हुतीस," गणपतराव म्हणाले. "चुकलो त्यो मी. वेढं म्या मारलं हुतं, आक्का."

"तुजा मुडदा बशिवला!" आक्काताई कडाडली. म्हशीसुद्धा दचकल्या. "पंचेचाळीस वरसं, दादा! स्टुडिओत मास्तर म्हणालं, लै ब्येस गायलीस. मला वाटलं, पोरीचं मन राखाय म्हणालं. माजाच गळा तसा, मीच पिक्चर बुडवला, मास्तरांचं वाटोळं मी केलं, आसं म्हणत जगलो मी! तुज्या चिकटपट्टीपायी!"

गणपतरावांनी मान खाली घातली. आक्काताई रडली, पदराला नाक पुसलं, पुन्हा दोन शिव्या घातल्या. मग तिनं त्या काळ्या तबकडीकडं बोट केलं.

"परत लाव," ती म्हणाली.

परत लावलं. या खेपेला तिचा अंगठा जमिनीवर ठेका धरत होता, हलगीबरोबर, मागं रेंगाळून. दारात उभी असलेली क्रांती मात्र रेकॉर्डीकडं बघत नव्हती. ती आईकडं बघत होती. चौथीत असताना गाण्याच्या स्पर्धेला बाईंनी तिचं नाव घातलं होतं आणि आईनं शाळेत जाऊन ते खोडायला लावलं होतं. "आपल्या घराला गळा न्हाय. लोक हसत्यात." त्यानंतर क्रांती कधी गायली असेल तर गोठ्यात, आई बाजारला गेल्यावर.

गाणं संपलं. आक्काताईनं स्वतःच्या हातानं सुई बाजूला केली.

"क्रांते," ती म्हणाली, "तुला मी खोटं सांगितलं हुतं. हिकडं यिऊन बस. चौथीतलं त्ये गाणं म्हण."

"आई, आता? पावण्यांच्या समोर?"

"आत्ताच. आन् ह्येंच्याच समोर."

क्रांती बसली. घसा खाकरला. अडतीस वर्षांची बाई, पण पहिली ओळ तिनं भराभरा म्हटली, कुणी अडवायच्या आत संपवून टाकावी तशी. आक्काताईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सावकाश म्हण, बाळा. आता कोण हसत न्हाय."

क्रांतीनं पुन्हा सुरुवात केली. आवाज खालचा, जाड, जरासा घोगरा होता. गणपतरावांनी तो ओळखला.